त्रेपिटिका बुद्धमित्रा : सारनाथच्या वस्तुसंग्रहालयातील एका नावाचा मागोवा

सारनाथला जाणारा यात्रेकरू प्रथम धमेक स्तूपाला वंदन करतो, मूलगंधकुटी विहारात काही काळ बसतो आणि वेळ उरल्यास जवळच्या वस्तुसंग्रहालयात डोकावतो. महाराष्ट्रातून बौद्ध स्थळांच्या यात्रेला जाणाऱ्या आपल्या उपासक-उपासिकांचा क्रमही बहुधा हाच असतो. संग्रहालयात शिरल्यावर पावले दोन वस्तूंपुढे थबकतात. एक, २६ जानेवारी १९५० रोजी भारताचे राजचिन्ह म्हणून स्वीकारले गेलेले अशोकस्तंभाचे सिंहशीर्ष. दुसरी, धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील पाचव्या शतकातील बुद्धमूर्ती. या दोहोंची थोरवी वादातीत आहे आणि त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखात आम्ही त्याच संग्रहालयातील एका नावाकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हे नाव एका छत्राच्या दगडी दांड्यावर ब्राह्मी अक्षरांत कोरलेले आहे आणि ते एका विदुषी स्त्रीचे आहे. भिक्खुणीसंघाचा इतिहास लिहिताना हे नाव टाळून पुढे जाता येत नाही, असे आमचे मत आहे.

संग्रहालयाची पार्श्वभूमी

सारनाथच्या अवशेषांची कहाणी दुःखद आहे. इ.स. १७९४ मध्ये बनारसच्या जगतसिंहाच्या माणसांनी बांधकामासाठी विटा व दगड मिळविण्याकरिता धर्मराजिक स्तूप पाडला. स्तूपाच्या गर्भात दगडी पेटी होती, पेटीत संगमरवरी करंडक होता आणि करंडकात अस्थी होत्या. त्या अस्थी गंगेत विसर्जित करण्यात आल्या. पुढे १८३५-३६ मध्ये कनिंगहॅम यांनी येथे उत्खनन केले. परंतु त्यांनी मागे ठेवलेल्या चाळीसहून अधिक मूर्ती नंतर वरुणा नदीवरील पुलाच्या कामी नदीत टाकल्या गेल्या. ही हकिगत स्वतः कनिंगहॅम यांनीच नोंदवून ठेवली आहे. ज्या भूमीवर भगवान बुद्धांनी पंचवर्गीय भिक्खूंना प्रथम धम्म सांगितला, त्या भूमीतील मूर्तींची ही गत झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी परिस्थिती पालटली. १९०४-०५ मध्ये एफ. ओ. ऑर्टेल यांच्या उत्खननात सिंहशीर्ष मिळाले. त्यानंतर जॉन मार्शल व स्टेन कोनो यांनी हे काम पुढे नेले. सापडलेल्या वस्तू जागेवरच जतन व्हाव्यात म्हणून बांधलेली संग्रहालयाची इमारत १९१० मध्ये पूर्ण झाली. तिचा आराखडा अर्ध्या संघारामासारखा आहे. १९१४ मध्ये दयाराम साहनी यांनी या संग्रहाची सूची प्रसिद्ध केली. अभ्यासकाला ती आजही हाताशी ठेवावी लागते. कारण कोणत्या दगडावर काय लिहिले आहे हे दालनातील छोट्या पाटीवरून नेहमीच कळत नाही.

भिक्खू बलाची मूर्ती आणि तिचे छत्र

मुख्य दालनात सिंहशीर्षाच्या सान्निध्यात तांबड्या वालुकाश्माची एक भव्य उभी मूर्ती आहे. तिची उंची सुमारे आठ फूट आहे. उजवा हात तुटलेला आहे, डावा हात कमरेशी आहे, एक खांदा उघडा आहे आणि दोन पायांच्या मध्ये लहानसा सिंह आहे. छाती भरदार, नजर समोर, उभे राहण्यात बळ. गुप्तकाळातील अंतर्मुख बुद्धमूर्ती पाहून आलेल्या प्रेक्षकाला ही मूर्ती काहीशी राकट वाटते. दगड मथुरेकडचा आहे. सारनाथच्या बहुतेक मूर्ती ज्या चुनारच्या पिवळसर दगडात घडल्या, तो हा नव्हे. पाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून एवढी अवजड वस्तू येथे आणली गेली. ती यमुना आणि गंगा या नद्यांच्या मार्गाने आली असावी, असा तर्क करता येतो.

या मूर्तीवर एक प्रचंड दगडी छत्र होते. त्याचे तुकडे जोडून ते संग्रहालयात ठेवले आहे. मध्यभागी कमळ आणि भोवती शुभचिन्हांची वलये असे त्याचे रूप आहे. मूर्ती, पादपीठ आणि छत्राचा दांडा या तिन्हींवर लेख आहेत. त्यांपैकी दांड्यावरचा लेख दहा ओळींचा असून सर्वांत सविस्तर आहे. त्याचा आशय असा : महाराज कनिष्काच्या तिसऱ्या वर्षी, हेमंताच्या तिसऱ्या महिन्यात, बावीसाव्या दिवशी, त्रेपिटक भिक्खू बल याने बोधिसत्त्वाची मूर्ती, छत्र आणि यष्टी यांची वाराणसीत भगवंतांच्या चंक्रमस्थानी प्रतिष्ठापना केली. मूर्ती चीवरधारी आहे, तरी लेख तिला 'बोधिसत्त्व' म्हणतो. मथुरेच्या आरंभीच्या अनेक मूर्तिलेखांत हाच शब्द योजलेला आढळतो.

कनिष्काच्या कालगणनेचा आरंभ इ.स. १२७ मध्ये झाला, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. त्यानुसार ही प्रतिष्ठापना इ.स. १३० च्या सुमारास झाली. परंतु आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो लेखाचा पुढील भाग. दानाच्या पुण्यात कोणाकोणाचा वाटा आहे, हे तेथे क्रमाने सांगितले आहे. प्रथम माता-पिता, नंतर उपाध्याय व आचार्य, मग सद्ध्येविहारी व अंतेवासिक, त्यानंतर 'बुद्धमित्रा त्रेपिटिका', मग वनस्पर व खरपल्लान हे क्षत्रप, आणि शेवटी चार परिषदा, म्हणजे भिक्खू, भिक्खुणी, उपासक व उपासिका. हे सर्व कशासाठी, तर सर्व सत्त्वांच्या हितसुखासाठी.

हा क्रम लक्षपूर्वक पाहावा. माता-पिता, गुरू, शिष्य यांचा उल्लेख समूहाने आहे. त्यांतील एकाचेही नाव दिलेले नाही. नावाने उल्लेख झाला आहे तो केवळ तिघांचा. त्यांपैकी दोघे कुषाणांचे क्षत्रप, म्हणजे त्या प्रांताचे सत्ताधीश. तिसरी व्यक्ती बुद्धमित्रा. तिचे नाव सत्ताधीशांच्या आधी आले आहे आणि त्यापुढे तिचे कूळ, गाव वा नाते न सांगता केवळ तिची विद्या सांगितली आहे.

चार लेख, एक गुरुपरंपरा

ही बुद्धमित्रा कोण? सारनाथचा लेख तिला भिक्खुणी म्हणत नाही आणि बलाशी तिचा संबंध काय होता हेही सांगत नाही. त्यासाठी अन्य ठिकाणच्या लेखांकडे वळावे लागते.

पहिला लेख कौशांबीचा. तेथे मिळालेली बोधिसत्त्वमूर्ती आज अलाहाबादच्या म्हणजे प्रयागराजच्या संग्रहालयात आहे. कनिष्काच्या दुसऱ्या वर्षी 'भिक्खुणी बुद्धमित्रा त्रेपिटिका' हिने भगवान बुद्धांच्या चंक्रमस्थानी ही मूर्ती स्थापिली, असे तिच्यावरील लेख सांगतो. येथे दाता स्वतः बुद्धमित्रा आहे आणि लेखाची तारीख सारनाथच्या लेखाच्या एक वर्ष आधीची आहे.

दुसरा लेख श्रावस्तीचा. १८६३ मध्ये कनिंगहॅम यांना जेतवनाच्या परिसरात सापडलेली ही भव्य मूर्ती आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. तिचा दाता भिक्खू बल असून तो स्वतःला भिक्खू पुष्यवुद्धीचा सद्ध्येविहारी म्हणवतो. श्रावस्तीतही मूर्तीबरोबर छत्र व दंड यांचे दान आहे, चंक्रमस्थान आहे, आणि हे दान सर्वास्तिवादी आचार्यांच्या परिग्रहात म्हणजे स्वामित्वात असल्याची नोंद आहे.

तिसरा लेख मथुरेचा असून तो हुविष्काच्या कारकीर्दीतील, वर्ष ३३ चा, म्हणजे सारनाथच्या लेखानंतर तीस वर्षांनी कोरलेला आहे. येथे धनवती नावाची भिक्खुणी बोधिसत्त्वमूर्ती स्थापन करते. ती आपली ओळख कशी देते, ते पाहण्यासारखे आहे. त्रेपिटक भिक्खू बल याची अंतेवासिनी जी त्रेपिटिका भिक्खुणी बुद्धमित्रा, तिची मी भाची, असे ती सांगते. कोडे येथे उलगडते. बुद्धमित्रा ही बलाची शिष्या होती, भिक्खुणी होती, आणि तिच्या भाचीनेही प्रव्रज्या घेतली होती. तीस वर्षांनंतरही मथुरेत बुद्धमित्रेचे नाव हीच एका भिक्खुणीची प्रतिष्ठा होती.

कौशांबी, सारनाथ, श्रावस्ती आणि मथुरा ही उत्तर भारतातील चार मोठी नगरे अथवा तीर्थे. या चारही ठिकाणी या गुरुशिष्यांच्या मंडळाने मूर्तीचे दान केले. बुद्धमूर्तीची पूजा ही केवळ अशिक्षित उपासकांच्या भावनेतून निर्माण झाली, असा समज पूर्वी रूढ होता. ग्रेगरी शोपेन यांनी याच लेखांच्या आधारे त्या समजाला धक्का दिला. मूर्ती स्थापन करण्यात पुढाकार घेणारे बल व बुद्धमित्रा हे तर त्रिपिटकाचे जाणकार होते. आम्ही यात एवढीच भर घालू की, चार लेखांचे साक्ष्य एकत्र ठेवले असता या कार्यात भिक्खुणी ही केवळ सहभागी दिसत नाही. कौशांबीत तर ती अग्रभागी आहे.

'अंतेवासिनी' या शब्दाचे महत्त्व

पालि साहित्याच्या अभ्यासकाला मथुरेच्या लेखातील 'अंतेवासिनी' हा शब्द विशेष बोलका वाटेल. विनयपिटकातील चुल्लवग्गाच्या भिक्खुनिक्खंधकात एक प्रसंग येतो. उप्पलवण्णा थेरीची एक अंतेवासिनी विनय शिकण्यासाठी सात वर्षे भगवंतांच्या मागोमाग फिरली. परंतु तिची स्मृती दुर्बल असल्याने शिकलेले सारे ती विसरून जाई. ते ऐकून भिक्खूंनी भिक्खुणींना विनय शिकवावा, अशी अनुज्ञा भगवंतांनी दिली. या कथेतून पुढे काहींनी असा ग्रह करून घेतला की, भिक्खुणींचे अध्ययन हे भिक्खूंवर अवलंबून असलेले आणि मर्यादित असेच होते.

मथुरेच्या दगडावरही अंतेवासिनीच आहे आणि तिचा आचार्यही भिक्खूच आहे. तथापि या अंतेवासिनीने तीनही पिटके आत्मसात केली आहेत आणि आचार्याला लावले जाणारे बिरुदच तिला लावले गेले आहे. भिक्खूने भिक्खुणीला शिकवावे ही जी अनुज्ञा ग्रंथात आहे, तिचे फळ किती मोठे असू शकते हे आपण येथे प्रत्यक्ष पाहतो. ग्रंथाने विसरणाऱ्या शिष्येची कथा जतन केली; लक्षात ठेवणाऱ्या शिष्येचे नाव शिळेने जतन केले.

अर्थात बुद्धमित्रा ही एकाकी उदाहरण नव्हे. अंगुत्तर निकायाच्या एतदग्गवग्गात खेमा थेरी प्रज्ञेत, धम्मदिन्ना थेरी धम्मकथनात व पटाचारा थेरी विनयात अग्र मानली आहे. मज्झिम निकायातील चूळवेदल्ल सुत्तात धम्मदिन्ना उपासक विसाखाच्या सूक्ष्म प्रश्नांना उत्तरे देते आणि भगवंत त्या उत्तरांना संमती देतात. सांचीच्या दानलेखांत एका स्त्रीला 'सुतातिकिनी' म्हणजे सुत्तांची जाणकार असे म्हटले आहे. श्रीलंकेच्या दीपवंसात अनुराधपुरात विनय शिकविणाऱ्या भिक्खुणींची नामावळी आली आहे. मात्र ग्रंथातील नावांविषयी शंका घेणारा असे म्हणू शकतो की, ती पुढील काळातील श्रद्धेची निर्मिती आहे. बुद्धमित्रेच्या बाबतीत ही शंका उरत नाही. तिचे नाव तिच्या हयातीत, तिच्याच गुरूने, तारीख घालून कोरविले आहे.

सारनाथच्या अन्य लेखांतील साक्ष

बुद्धमित्रेचे नाव वाचून आम्ही सारनाथचे इतर लेख पुन्हा पाहिले, तेव्हा स्त्रियांची उपस्थिती आरंभापासून अखेरपर्यंत जाणवली.

ज्या स्तंभावर सिंहशीर्ष विराजमान होते, त्याचा बुंधा उत्खननाच्या जागी आजही उभा आहे. त्यावरील अशोकाच्या आज्ञेत संघात फूट पाडणाऱ्यास शुभ्र वस्त्रे नेसवून संघाबाहेर ठेवावे असे म्हटले आहे. ही आज्ञा 'भिक्खू वा भिक्खुणी' दोघांनाही उद्देशून आहे आणि ती भिक्खुसंघात तसेच भिक्खुणीसंघात कळवावी, असे सम्राट बजावतो. म्हणजे इ.स.पू. तिसऱ्या शतकात येथे भिक्खुणीसंघ इतका सुस्थिर होता की राजाज्ञेत त्याचा स्वतंत्र निर्देश करणे आवश्यक ठरले.

याच स्तंभावर पुढे सम्मितीय आचार्यांचे नाव कोरले गेले. सातव्या शतकात युआन च्वांग या चिनी यात्रेकरूला येथे दीड हजार सम्मितीय भिक्खू आढळले. एका दगडी कठड्यावर सर्वास्तिवाद्यांचे नाव आहे. आणखी एका छत्राच्या तुकड्यावर, उत्तर कुषाणकालीन अक्षरांत, चार आर्यसत्ये शुद्ध पालि भाषेत कोरलेली आहेत. उत्तर भारतात पालि भाषेतील लेख अत्यंत विरळा असल्यामुळे पालिच्या विद्यार्थ्याने तो तुकडा आवर्जून पाहावा. एवंच, सारनाथ हे कोणा एका निकायाचे स्थान नव्हते.

शेवटचा मोठा लेख बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. गाहडवाल राजा गोविंदचंद्र याची राणी कुमारदेवी हिने येथे विहार बांधला आणि धर्मचक्र-जिनाच्या मूर्तीची धर्माशोकाच्या काळी होती तशी पुनःस्थापना केली, असे त्यात म्हटले आहे. मुसलमानी आक्रमणापूर्वीच्या सारनाथचा हा जवळजवळ अखेरचा स्वर आहे आणि तो एका उपासिकेचा आहे.

महाराष्ट्रातील लेणी

हा सारा प्रकार उत्तरेपुरता मर्यादित नाही. आपल्या सह्याद्रीतील लेण्यांत 'पवइतिका' म्हणजे प्रव्रजिता हा शब्द वारंवार येतो. रायगड जिल्ह्यातील कुडा येथे पदुमनिका नावाच्या पवइतिकेने लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख आहे. तीही आपल्या शिष्यांचा निर्देश करते. कान्हेरीतही भिक्खुणींची दाने आहेत. आपले बांधव दर वर्षी ही लेणी पाहतात; परंतु दारावरचा लेख वाचून दाखविणारा कोणी सोबत नसतो. त्यामुळे लेणी राजांनी व श्रेष्ठींनीच कोरविली, असा अपुरा समज घेऊन ते घरी परततात.

आजचा प्रश्न

या नावाचा आजच्या काळाशी काही संबंध आहे काय? आमच्या मते निश्चित आहे. थेरवादी देशांत भिक्खुणींची उपसंपदा-परंपरा अनेक शतकांपूर्वी खंडित झाली. विनयानुसार भिक्खुणीची उपसंपदा दोन्ही संघांसमक्ष व्हावी लागते. भिक्खुणीसंघच नसेल तर नवी भिक्खुणी कशी होणार, हा त्यातील पेच. डिसेंबर १९९६ मध्ये याच सारनाथला, श्रीलंकेच्या व कोरियाच्या संघांच्या सहकार्याने, दहा सिंहली स्त्रियांना उपसंपदा देण्यात आली. १९९८ मध्ये बोधगयेला व त्यानंतर श्रीलंकेत दंबुल्ल येथे हे कार्य पुढे गेले. तथापि अनेक महाथेरांनी व निकायांनी ही उपसंपदा अद्याप मान्य केलेली नाही. कोरियन भिक्खुणींची परंपरा थेरवादी विनयाची नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे.

येथे पुराव्याचा विपर्यास होऊ नये, याची काळजी अभ्यासकाने घेतली पाहिजे. श्रावस्तीच्या लेखावरून बल सर्वास्तिवादी परंपरेशी निगडित होता असे दिसते. बुद्धमित्रेने अध्ययन केलेले त्रिपिटक पालि नसून त्या परंपरेचे असावे, असाच निष्कर्ष त्यातून निघतो. त्यामुळे सारनाथचा लेख दाखवून थेरवादी विनयातील पेच सुटला असे म्हणता येणार नाही. तो पेच विनयधरांनी विनयाच्या आधारेच सोडवावयाचा आहे.

परंतु या वादात विनयाबरोबर आणखी एक युक्तिवाद हळूच शिरतो. स्त्रियांना प्रव्रज्या मिळाली ती नाइलाजाने, त्यांच्यामुळे शासनाचे आयुष्य घटले, आणि विद्येच्या क्षेत्रात त्यांचे योगदान नगण्य होते, असे त्यात सुचविले जाते. हा युक्तिवाद विनयाचा नाही, इतिहासाचा आहे. आणि इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. भगवान बुद्धांवरील असेच आक्षेप डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये 'महाबोधी' मासिकातील आपल्या इंग्रजी लेखात खोडून काढले होते. प्रव्रज्येचा अधिकार देऊन भगवंतांनी स्त्रीला ज्ञानाचा अधिकार दिला, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते. बाबासाहेबांनी हे ग्रंथांच्या आधारे सांगितले. बुद्धमित्रेच्या नावापुढील 'त्रेपिटिका' हा एक शब्द त्याला शिलालेखाचे बळ देतो. तो अधिकार केवळ दिला गेला नव्हता. तो वापरला गेला होता, आणि संघाने व राज्यकर्त्यांच्या वर्तुळाने त्याची बूज राखली होती.

म्हणून आमची विहारांच्या चालकांना एक सूचना आहे. सारनाथची यात्रा ठरविताना संग्रहालयासाठी निदान अर्धा दिवस राखून ठेवावा. शुक्रवारी ते बंद असते, हे ध्यानात घ्यावे. निघण्यापूर्वी विहारात एखाद्या रविवारी अशोकाची आज्ञा, बलाचा लेख व कुमारदेवीचा लेख यांचे मराठी भाषांतर वाचावे. प्रत्यक्ष दालनात गेल्यावर सिंहशीर्षाला अभिवादन करून तांबड्या मूर्तीपाशी यावे आणि सोबतच्या मुलींना त्या लेखात कोणत्या नावाचा निर्देश आहे ते सांगावे. पालि शिकण्यासाठी आमच्याकडे येणाऱ्यांत आज तरुणींची संख्या लक्षणीय आहे. त्रिपिटकाचे अध्ययन करणाऱ्या स्त्रीला या देशात किमान अठराशे नव्वद वर्षांची लिखित परंपरा आहे, हे त्यांना ठाऊक असले पाहिजे.